भरिताची नोंद

पहिला घास घेण्याआधी केतकी दाभाडकरने तीनदा चूळ भरली, पाकिटातून नखाएवढी पारदर्शक पट्टी काढली आणि अंगठ्याने दाबून टाळूला चिकटवली. समोरच्या बाकावरच्या दोघांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा आपापल्या ताटात लक्ष घातलं. चवपट्टी आता कुणालाच नवी नव्हती. लोक ती घरी लावत, रिकाम्या टेबलाशी बसून. हिने ती भरल्या ताटासमोर लावली, एवढाच काय तो फरक.

जानेवारीतली दुपार होती. यावलहून फैजपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, केळीच्या बागांच्या मधोमध, उज्ज्वलाताई भारंबे यांची पत्र्याची लांबट शेड होती. पाटी नव्हती, दरफलकही नव्हता. हिवाळ्याचे चार महिने तिथे एकच पदार्थ मिळायचा: वांग्याचं भरीत, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. त्यासाठी लोक भुसावळ-जळगावहून येत, इंदूरहूनही येत. शेडच्या मागे पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ धडधडत होता आणि त्यात हिरवी, पोटाशी पांढुरकी, वीतभर लांब वांगी भाजली जात होती. भाजलेली वांगी सोलून लाकडाच्या खोलगट भांड्यात मुसळीने ठेचायची, मग त्यात मिरची-लसणाचा ठेचा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. कृती इतकी साधी की कुणीही सांगू शकेल. तरी आजूबाजूच्या चार शेडमधलं भरीत खाऊन लोक शेवटी इथेच येत.

केतकीने घास घेतला. ठरलेल्या गतीने चावला, बावीस वेळा. गिळला. वीस सेकंद थांबली. दुसरा घास. धूर आला, वांग्याच्या सालीजवळचा किंचित कडवटपणा आला, मागून मिरचीची धग, मग लसूण, आणि सगळ्यात शेवटी शेंगदाण्याचा गोडवा. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी, वेळेवर, स्पष्ट आली. टॅबच्या पडद्यावर रेघा सरळ, स्वच्छ उमटत होत्या. नोंद क्रमांक एकशे सत्तेचाळीस. एकोणीस मिनिटांत काम झालं.

नोंद झाली की ती आधी स्वयंपाक करणाऱ्याला चाखायला द्यायची, असा चवींच्या नोंदी साठवणाऱ्या स्वादकोश संस्थेचा रिवाज होता. उज्ज्वलाताई हात धुऊन, पदराला पुसून आल्या. साठीच्या, ठेंगण्या, धुराने डोळे कायमचे बारीक झालेल्या. पट्टी लावताना त्या जरा बिचकल्या. मग टाळूवर जीभ टेकवून बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांचे डोळे विस्फारले.

"हे तं माह्यंच भरीत आहे," त्या म्हणाल्या. "तोंडात काही नाही, अन् चव आहे. बरोब्बर तीच."

केतकीने मान डोलावली, सह्या घेतल्या आणि पुढच्या गावाला निघाली.

ती या कामात तीन वर्षं होती आणि तिच्याइतक्या नितळ नोंदी कुणाच्याच नसत. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वीच्या तापाच्या साथीत तिचं घ्राणेंद्रिय कायमचं गेलं. वासच नाही म्हटल्यावर चवही गेली. जिभेवर उरलं ते नुसतं खारट, आंबट, गोड, कडू. सहा महिन्यांनी पुण्यात डॉक्टरांनी तिच्या नाकात, अगदी वर, तांदळाच्या दाण्याएवढी गंधकळी बसवली. हवेतला प्रत्येक कण ती कळी ओळखायची आणि तसा संकेत थेट मेंदूकडे पाठवायची. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी परिचारिकेने डोळे बांधून तिच्यासमोर सत्तावीस वाट्या धरल्या. केतकीने सव्वीस बरोबर ओळखल्या. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. तिचा नवरा निशिकांत कोपऱ्यात उभा राहून रडला. ती मात्र सत्ताविसाव्या वाटीत काय होतं, एवढंच विचारत राहिली.

वास परत आले, पण त्यांची ओढ परत आली नाही. आलं ओळखू यायचं, आल्याचा चहा हवासा वाटायचा नाही. निशिकांतच्या शर्टाचा वास त्याचाच आहे हे समजायचं, बस. हळूहळू तो कोरडेपणा नाकापुरता राहिला नाही. आईचं निधन झालं तेव्हा सगळी कामं केतकीनेच उरकली, एकदाही न थांबता. आणि नातेवाईक म्हणाले, केवढी खंबीर आहे. ती खंबीर नव्हती. जिथे काही दुखायला हवं होतं तिथे बोट लावून पाहावं आणि दाताच्या डॉक्टरने भूल दिलेल्या हिरडीसारखं काहीच लागू नये, तसं तिला वाटत होतं.

त्याआधी ती अशी नव्हती. लग्नानंतरची अठरा वर्षं ती आणि निशिकांत फक्त खाण्यासाठी हिंडले होते. तो पाटबंधारे खात्यात अभियंता. सुट्टी जोडून आली की दोघं गाडी काढत आणि कुणीतरी सांगितलेल्या एखाद्या खाणावळीचा, धाब्याचा माग काढत जात. एकदा एका रश्श्यासाठी दोनशे किलोमीटर गेले, तर मालकाच्या घरी लग्न असल्याने दार बंद. मग मांडवात घुसून तिथेच जेवले. पंढरपुरी म्हशीच्या दुधाची बासुंदी, हुबळीची मिरची भजी, धुळ्याची शेवभाजी, असं सगळं निशिकांत एका जाड वहीत लिहून ठेवायचा. तापाच्या वर्षीच त्याचे दोन्ही गुडघे बदलावे लागले आणि ते नीट बसले नाहीत. हिंडणं थांबलं. मग केतकीला ही नोकरी चालून आली. बाहेर ती एकटी जायची आणि परतल्यावर प्रत्येक नोंदीची एक प्रत त्याच्यापुढे ठेवायची. तो नाशिकच्या घरी, गॅलरीतल्या खुर्चीत बसून पट्टी लावायचा. पहिल्या वर्षी भरभरून बोलायचा. नंतर नुसतं "छान" म्हणायचा. ते बदललं कधी, हे केतकीच्या लक्षात आलं नव्हतं.

नोव्हेंबरात उज्ज्वलाताईंचा निरोप आला. ध्वनिमुद्रित होता, तीन-चार वाक्यांचा. हंगाम सुरू झाला आहे, तुम्ही एकदा येऊन जा, माह्यं भरीत मले कळेनासं झालं आहे. केतकीला वाटलं, वांग्याचं बियाणं बदललं असेल, हवामानाने चव उतरली असेल. त्या बाजूला दोन नोंदी करायच्या होत्याच. ती गेली.

शेडमध्ये गर्दी होती. जाळ तसाच, पुऱ्यांचा ढीगही तसाच. उज्ज्वलाताईंनी तिला मागच्या बाजूला खाटेवर बसवलं, ताट आणून दिलं. केतकीने पट्टी लावून खाल्लं आणि टॅबवर जानेवारीच्या रेघांशेजारी आजच्या रेघा लावून पाहिल्या. फरक जवळपास नव्हताच. मीठ किंचित जास्त होतं इतकंच.

"तेच आहे," ती म्हणाली. "काहीच बिघडलेलं नाही."

"गिऱ्हाईकही तेच म्हणतं," उज्ज्वलाताई म्हणाल्या. मग त्या जाळाकडे बघत तुटक तुटक सांगू लागल्या. त्यांनी आयुष्यात कधी मीठ मोजून घातलं नव्हतं. ठेचता ठेचता बोटाच्या टोकावर घ्यायचं, जिभेला लावायचं. आत कुठेतरी 'झालं' असं वाटलं की भांडं बाजूला करायचं. चाळीस वर्षं तेच 'झालं' त्यांनी जपलं होतं. ते सासूकडून आलं नव्हतं, आईकडूनही नाही, त्यांचं स्वतःचं होतं. यंदा हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी बोट जिभेला लावलं आणि आतून काहीच आलं नाही. धूर कळला, मिरची कळली. 'झालं' आलं नाही. त्यांना वाटलं, ताप येणार असेल. आठ दिवस वाट पाहिली. बाकी सगळ्याची चव लागत होती, वरणाची, चहाची, लोणच्याची. फक्त भरिताची नाही. म्हणजे लागत होती, पण जणू दुसऱ्या कुणाच्या तोंडात.

"मले असं वाटतं," त्या म्हणाल्या, "का जसं एखाद्या माणसाले आपण ओळखतो, नाव-गाव सगळं माहीत आहे, पण तो आपला कोण लागतो तेच आठवत नाही."

गेल्या चार वर्षांत आपल्याला काय झालंय हे तिला कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, निशिकांतला नाही. या बाईने ते सांगितलं होतं, आणि तेही स्वतःबद्दल.

तिने विचारलं, त्यांनी ती नोंद पुन्हा कधी लावली होती का. उज्ज्वलाताई म्हणाल्या, एकदाच, तुमच्यासमोर. त्यानंतर हंगाम संपला, उन्हाळा आला, भरीत कुणी केलंच नाही.

परतीच्या रस्त्यावर गाडी आपली आपण चालत होती आणि केतकी खिडकीबाहेर बघत होती. धुळं आलं तेव्हा तिला कळलं की आपण गेले दोन तास एकच गोष्ट टाळतो आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धुळ्याहून येताना बांधून आणलेली शेवभाजी गरम केली, भाकऱ्या थापल्या आणि निशिकांतसमोर ताट ठेवलं. त्याच धाब्याची. जाड वहीत त्या भाजीला अडीच पानं मिळाली होती, आणि तिची नोंदही त्याने लावली होती. निशिकांत हसला, नेटाने जेवला आणि छान आहे म्हणाला.

"तुला आवडली?" केतकीने विचारलं.

तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

"निशिकांत, मी चव विचारत नाही. तुला आवडली का?"

मग त्याने सांगितलं. दुसऱ्या वर्षापासूनच त्याला शंका होती. नोंद लावली की पदार्थ हुबेहूब समोर यायचा, आणि पुढच्या वेळी तो खरोखर खाल्ला की आत काही हलायचंच नाही. आधी त्याला वाटलं, वयाचा परिणाम. मग त्याने स्वतःवर प्रयोग केला, अभियंत्याच्या शिस्तीने. कोपऱ्यावरच्या दुकानातली कचोरी, जिची नोंद तिने कधीच केली नव्हती, ती त्याला अजून पूर्वीसारखीच लागत होती. नोंद लावलेले पदार्थ मात्र एकामागून एक विझत गेले. पदार्थच नाही, त्यांच्याबरोबरचे दिवसही. लग्नाच्या मांडवात घुसून जेवले तो प्रसंग त्याला सगळा आठवत होता, पण कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीसारखा.

केतकीने विचारलं, मग तू थांबला का नाहीस? दोनशे बारा नोंदी. दोनशे बाराही लावल्यास?

"तू आणत होतीस म्हणून," तो म्हणाला. "तू जिथे गेलीस तिथे मीही गेलो, असं व्हायचं. तेवढं एक राहिलं होतं आपल्यात."

हे ऐकून रडू यायला हवं, हे केतकीला समजलं. ती बसून राहिली. ताटातली तर्री थंड होऊन तिच्यावर तेलाचा थर जमला. तिने ताटं उचलली, घासली आणि डॉ. यास्मिन मुजावर यांना फोन लावला.

डॉ. मुजावर स्वादकोशाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. चवपट्टीची मूळ कल्पना त्यांची. बुटक्या, चटपटीत, बोलताना सतत काहीतरी खुडत राहणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही. पण आठ दिवसांनी त्यांनीच केतकीला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर दोन आलेख उघडे होते.

नाकाकडून मेंदूकडे जाणारी वाट एकेरी नसते, त्या सांगू लागल्या. वास वर जातो तसं वरून खालीही काहीतरी येत असतं. हे ओळखीचं आहे, हे हवंय, हे आजीच्या घरचं आहे, हे नको. मेंदूचा तो जबाब, त्याला त्या परतसंकेत म्हणत. पट्टी फक्त वर जाणारं टिपते असं आम्ही धरून चाललो होतो. ती दोन्ही टिपते.

पहिला आलेख जुन्या एका नोंदकर्त्याचा होता. त्याच्या रेघा खडबडीत, गढूळ. त्याला गवार आवडत नसे आणि ज्यांनी त्याची नोंद लावली त्यांनाही काही दिवस गवार नकोशी झाली होती. म्हणून तर अशा सगळ्या नोंदी संस्थेने बाद केल्या आणि केतकीला घेतलं. दुसरा आलेख केतकीचा होता. खालच्या बाजूला, जिथे परतसंकेत असायला हवा, तिथे एक सरळ रेघ.

"आम्हाला वाटलं, ही नितळ चव," डॉ. मुजावर म्हणाल्या. "ती नितळ नव्हती. तिच्यात तुमचं गप्प असणं होतं. लोकांच्या मेंदूने चवीबरोबर तेही शिकून घेतलं."

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आजवर चौदा लाख माणसांनी या नोंदी लावल्या होत्या. एकदा लावलेली नोंद जवळजवळ कुणीच दुसऱ्यांदा लावली नव्हती. एका खेपेत माणसाचं समाधान होतं असा संस्थेने त्याचा अर्थ लावला होता. अहवालात तसं अभिमानाने छापलंही होतं.

हे उलटवता येईल का, असं केतकीने विचारलं. डॉ. मुजावर यांनी हातातला कागद बारीक बारीक फाडला. माहीत नाही, असं त्यांनी सांगितलं. नवा पदार्थ, नवी आठवण, यांना धक्का लागत नाही एवढं दिसतं आहे. जे गेलं ते परत येतं की नाही हे कळायला वर्षं लागतील.

एकशे एकाहत्तर नोंदी त्या आठवड्यातच मागे घेतल्या गेल्या. संस्थेने जाहीर निवेदन काढलं, चार दिवस चर्चा झाली, पाचव्या दिवशी लोक दुसऱ्या विषयाकडे वळले. आपल्यातून काय गेलं हेच ज्यांना जाणवत नाही ते ओरडणार तरी कसे? केतकीने उज्ज्वलाताईंना स्वतः फोन केला आणि कसलीही सबब न सांगता सगळं सांगितलं. पलीकडे पऱ्हाट्या तडतडत होत्या. मग उज्ज्वलाताई म्हणाल्या की आता सून चाखते. तिने मान हलवली की त्या भांडं बाजूला करतात. कधी कधी तिच्या तोंडाकडे बघताना त्यांना बरं वाटतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असा विचार केतकीच्या मनात आला आणि तिथेच विरला.

राहिल्या एक्केचाळीस नोंदी. या ज्या ठिकाणी केल्या होत्या ती ठिकाणं आता उरली नव्हती. कुणी म्हातारपणाने बंद केलं, कुणाच्या जागेवरून महामार्ग गेला, कुणाची मुलं परदेशी गेली. ते पदार्थ पृथ्वीवर फक्त त्या नोंदींतच होते. पुसल्या तर कायमचे गेले; ठेवल्या तर जो लावेल त्याच्या आत ते मरणार. समितीच्या तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की नोंदी कुलपात ठेवायच्या, सगळा धोका समजावून सांगून फक्त मागणाऱ्याला द्यायच्या, आणि त्यासाठी नोंदकर्तीची संमती घ्यायची, कारण शेवटी ते तिच्या शरीरातून निघालेलं होतं. म्हणजे निर्णय केतकीवर आला. तिला त्याचं ओझंही वाटलं नाही.

पहिला अर्ज फेब्रुवारीत आला. वामन आरोंदेकर, वय एक्क्याऐंशी, राहणार बडोदा. मागितलेली नोंद क्रमांक अठ्ठ्याण्णव, तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची एकशिपी, वेंगुर्ल्याच्या बंदराजवळची खाणावळ. ती खाणावळ त्यांच्या आईने सुरू केली होती आणि पुढे त्यांच्या भावजयीने चालवली. केतकी तिथे गेली त्यानंतर आठ महिन्यांनी किनाऱ्याच्या नव्या भिंतीसाठी ती पाडली गेली. त्याच पावसाळ्यात भावजयही गेली.

ते मुलीबरोबर नाशिकला आले. उंच, वाकलेले, इस्त्रीचा सदरा घातलेले गृहस्थ. मुलगी बाहेर थांबली. केतकीने त्यांना समोर बसवलं आणि पाठ झालेलं सगळं सांगितलं. ही पट्टी लावलीत तर चव येईल, अगदी तशीच येईल. पण त्यानंतर ती चव, आणि कदाचित तिच्याशी जोडलेल्या आठवणी, तुम्हाला परक्या वाटू लागतील. आई आठवेल. पण आतून काही होणार नाही.

आरोंदेकरांनी शांतपणे ऐकलं. ते म्हणाले की त्यांनी गावाला शेवटचं जेवून त्रेचाळीस वर्षं झाली. चव आता आठवतच नाही, आठवते ती फक्त तिची ओढ. आता एक्क्याऐंशीव्या वर्षी नुसती ओढ घेऊन करायचं काय? एकदा खरी चव येऊ दे, मग काय व्हायचं ते होऊ दे.

केतकीने अर्जावर सही केली. सीलबंद पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उचललं, पण फोडलं नाही. दोन्ही हातांत धरून त्यांनी विचारलं:

"तुम्ही तिथे बसून जेवलात. तुमच्यानंतर कुणी नोंदणारं गेलं नाही. तुम्हाला कसं लागलं होतं?"

खरं उत्तर 'काहीच नाही' एवढंच होतं आणि ते ती देऊ शकली नाही. खोटंही बोलवेना. तेव्हा तिने ते सोडून बाकीचं सांगायला सुरुवात केली. तिने कुठे बसून खाल्लं ते सांगितलं. खिडकीजवळचं टेबल, त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली करवंटीचा तुकडा लावलेला. ओहोटीची वेळ होती, बंदरावरून चिखलाचा आणि सुक्या मासळीचा वास येत होता. एक ठेंगणी बाई, पांढऱ्या केसांत अबोलीचा वळेसार माळलेली, ताट घेऊन आली आणि उभीच राहिली. शिंपल्याचा एकच शिंपा, त्यात मांस, त्यावर ओल्या खोबऱ्याचं जाडसर वाटप, आणि कोकमामुळे त्याला आलेला जांभळट रंग. चमचा दिला नव्हता. केतकी चमचा शोधू लागली, तशी बाईने स्वतः एक शिंपा उचलून दाखवला, तो ओठाला लावून कसा ओढून घ्यायचा ते. आवाज झाला पाहिजे, ती म्हणाली, आवाज झाला नाय तर काय खाल्लंस? केतकीने नोंदीची शिस्त मोडायची नाही म्हणून हळूच खाल्लं. तेव्हा ती बाई आत गेली आणि न मागता आणखी वाढून घेऊन आली. "घे गो बाय, लाज कसली," असं म्हणत. शिंपले ताटाच्या कडेला एकावर एक रचून ठेवायचे, म्हणजे किती खाल्ले ते सगळ्यांना दिसतं, हेही तिनेच सांगितलं.

केतकी सपाट आवाजात बोलत होती, अहवाल वाचावा तसं. एवढं सगळं आपल्याला आठवतंय याचंच तिला नवल वाटत होतं. या गोष्टी तिने कुठे टिपल्या नव्हत्या, पट्टीने तर नाहीच. एका क्षणी तिने मान वर केली. आरोंदेकर डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ किंचित पुढे आले होते, शिंपा ओढावा तसे. त्यांनी आवंढा गिळला. पुन्हा गिळला. तोंडाला सुटलेलं पाणी ओठांच्या कोपऱ्याशी आलं होतं, ते त्यांनी रुमालाने टिपलं, आणि मग तोच रुमाल डोळ्यांना लावला.

"जाडसर वाटप," ते म्हणाले. "हो. आई पाट्यावर वाटायची, मुद्दाम जाडसर ठेवायची. हे मी विसरलो होतो."

ते उठले. पाकीट न फोडताच त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातलं. घरी जाऊन लावणार का, हे केतकीने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दाराशी थांबून त्यांनी तिला नमस्कार केला आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ते हळूहळू जिना उतरले.

केतकी खुर्चीत परत येऊन बसली. खोलीत त्यांच्या सदऱ्याचा स्टार्चचा वास होता, गंधकळीने तो चोख ओळखला, आणि तिला काहीच वाटलं नाही. तिने स्वतःला नीट चाचपून पाहिलं. सरळ रेघ. मग तिने डॉ. मुजावर यांना निरोप लिहायला घेतला. घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, आणि शेवटच्या ओळीशी अडली. दोनदा खोडून तिने तिसऱ्यांदा लिहिलं: माझ्यात जे नव्हतंच, ते माझ्या बोलण्यातून त्यांच्यापर्यंत पोचलं कसं? आणि पोचलं असेल, तर ते वाटेत माझ्यातून कुठून गेलं?